एक लाख तीन वाती

रिठद आणि केनवडच्या मधात एक गाव आहे. नाव सांगत नाही. ज्यांची ही गोष्ट, त्यांची पतवंडं तिथं अजून नांदतात, आणि त्या गावात राग लोणच्यासारखा मुरवून ठेवायची पद्धत आहे. माणसांची नावं मात्र सांगतो. नावाशिवाय चहाडी म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

तर गोजराबाई माळीण. ओढ्याकाठी दीड एकराचा मळा, एक विहीर, दोन बैल आणि एक नवरा. कामाच्या हिशेबानं हाच क्रम बरोबर आहे. नवऱ्याचं नाव मारोतराव. दोन भाकरी आणि तीन भाकरी यांतला फरक त्याला पोट सांगायचं, डोकं नाही. "तिनं मोजावं, म्या खावं," एवढ्या एका करारावर त्यांचा चाळीस वर्षांचा संसार सुखात झाला. गोजराबाई अंगानं आडवी, आवाजानं उभी. केनवडच्या बाजारात तिनं "वांगे घ्या" म्हटलं की रिठदच्या बाया पिशव्या शोधायच्या, असं लोक म्हणत. लोक थोडं वाढवतात. मीही वाढवतो, पण थोडंच.

तिला अक्षर येत नव्हतं. पण आकडे! तिच्या बापाला मोट हाकताना गाणं येत नसे, म्हणून तो पाढे म्हणायचा. बैल उतरणीला लागले की बेचा पाढा, मागे सरले की तीनचा. तिसापर्यंत गेला की पावकी, निमकी, औटकी. बैलांनाही ते पाठ झाले होते असं म्हणतात. गोजरीला झाले हे मी स्वतः ऐकलंय.

आणि आकडा म्हणजे तिच्या लेखी रोपं. रोपं लावायची तर वाफा चौकोनी पाहिजे, सगळ्या ओळी सारख्या, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात तुंबतं आणि दुसरा कोपरा रुसतो. बारा रोपं हातात आली की ती खूश. चारच्या तीन ओळी करा, सहाच्या दोन करा, जशी जागा तशी. "बारा म्हंजे गुनाची सून," ती म्हणायची, "कोन्याई घरी द्या, नांदते." चोवीस, साठ, एकशेवीस हे तिच्या मते खानदानी आकडे. पण तेरा आले की कपाळाला आठी. "तेराचा वाफा होत नाई. लावा एका ओळीत, नाईतर एक रोप फेका." असल्या आकड्यांना तिनं नाव ठेवलं होतं, एकलकोंडे. सतरा एकलकोंडा, एकोणतीस एकलकोंडा, सदतीस तर महाएकलकोंडा. एक्याण्णव वरून एकलकोंडा दिसतो पण पोटात सात आणि तेरा यांचा चोरटा संसार लपवून बसलेला असतो, म्हणून त्याला ती 'लबाड' म्हणायची. गावातल्या एकदोन माणसांनाही ती एक्याण्णव म्हणायची. कोणाला, ते सांगितलं तर आज रात्री माझ्या घरावर दगड येतील.

तिची मैत्रीण गोमतीबाई पाटलीन, उकंडराव पाटलांची बायको. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन गावात आल्या. एक मळ्यात गेली, एक पाटलाच्या घरात, पण विहिरीच्या कठड्यावर रोज भेट. रोज भेट म्हणजे रोज भांडण. सकाळी भांडण झालं नाही तर दोघींना दुपारची भाकर जात नसे.

आता मूळ गोष्ट. साल एकोणीसशे एकतीस असेल, फार तर बत्तीस. भादव्यात पाटलांची सून सीताबाई बाळंतपणाला अडली. दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नाही. सुईण हात टेकून बसली तेव्हा गोमतीबाई तशीच उठली, अनवाणी महादेवाच्या देवळात गेली आणि पिंडीपुढे उभी राहून मोठ्यानं बोलली. देवळात तेव्हा जगदेव गुरव घंटा पुसत होता, त्यानं अक्षर न् अक्षर ऐकलं. ती म्हणाली:

"देवा, सून अन् लेकरू मोकळं कर. त्रिपुरी पुनवेले तुह्यापुढं लक्षवात लावीन. लाख वाती, अन् वर तीन, त्रिपुराच्या तीन नगराच्या. गावातल्या समद्या बाया वळतीन अन् सारख्या वळतीन. कोनाच्या हातची एक जास्त नाई, कोनाच्या हातची एक कमी नाई. अन् ह्या वाती पेटेपर्यंत मी नातवंडाले मांडीवर घेनार नाई."

लक्षवात आमच्याकडे नवी नाही. कापसाचा मुलूख, कापसाच्या लाख वाती वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे एकदम पेटवायच्या. पण 'सारख्या' हा शब्द तिनं का घातला, त्याला इतिहास होता. दोन वर्षांपूर्वीच्या लक्षवातीत दोन जावांनी 'माह्या जास्त, तुह्या कमी' यावरून आठ महिने चूल वेगळी ठेवली होती. तसलं काही नको म्हणून पाटलीनबाईनं शहाणपणा केला. शहाणपणा केला की घोटाळा होतोच, हे माझं जुनं मत आहे.

तासाभरात सून मोकळी झाली. मुलगी झाली. नाव ठेवलं आवडा.

आता गोमतीबाईची दशा ऐका. घरात पहिली नात, गोरीगोमटी, गालाला खळी. सगळं गाव येऊन मांडीवर घेऊन जातंय आणि आजी पाळण्यापासून चार हात दूर, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसलेली. न जाणो, हात आपोआप पुढे गेले तर! उकंडरावांसारखा फाडकन बोलणारा माणूस, पण नात आल्यापासून लोण्यासारखा झाला. मुद्दाम पोरीला घेऊन बायकोपुढे फेऱ्या मारायचा.

"घेतं का वं? नाई? बरं, मीच घेतो मंग."

"हसून घ्या," गोमतीबाई म्हणायची, "पुनव होऊ द्या. मंग तुमाले हात लावू देनार नाई पोरीले."

घटस्थापनेला देवळात बाया जमल्या. पाटलीनबाईनं बोललेला नवस सांगितला आणि म्हणाली, वाती वाटून घ्या. सगळ्या माना डोलल्या. एकटी गोजराबाई बोटांची पेरं चाचपत बसली होती. मग ती म्हणाली:

"गोमते, हे सारखं वाटल्या जात नाई."

"काहून नाई?"

"एक लाख तीन ना? दोघीत वाटल्या त एक उरते. तिघीत एक उरते. पाच जनीत तीन. सात जनीत एक. अकरात दोन. तेरात सात. मले त हा एकलकोंडा दिसून राह्यला. लाखाच्या वरचा एकलकोंडा म्या पह्यल्यांदा पाह्यला, माय!"

हे तिनं एवढ्या आनंदात सांगितलं, जसं काही तिच्या मळ्यात दोन शेर वजनाचं वांगं लागलंय. इथं चुकलं. गोमतीबाईला आनंद दिसला, आकडा दिसला नाही.

"तुह्या जिभेले चांगलं बोलनं ठाऊकच नाई! लेकरावरचा नवस हाये थो. मांडीले पोर लागू नाई देत म्हनतं का मले?"

"मी कुठं म्हनते? आकडा म्हनते."

"मंग तुहा आकडा घेऊन मळ्यात बस. ह्या वातीले हात लावू नको."

"नाई लावत जा!"

देवापुढे 'समद्या बाया' म्हणून आलेल्या बाईनं सगळ्यांत जवळचीलाच वगळलं. रागात एवढं चालतं. दुसऱ्या दिवशी विहिरीचा कठडा रिकामा. दोघींच्या घरी भाकरी उरल्या.

नवस फिरवता येतो का, म्हणून पाटलांनी जगदेव गुरवाला हळूच विचारलं. एक लाख चार केल्या तर? जगदेव म्हणाला, "म्या कानानं ऐकलं पाटील. मी इसरलो तरी देव इसरनार नाई." झालं. आता आकडा फोडणं आलं. त्यासाठी गावात एकच माणूस होता, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. उत्तमराव मास्तर.

मास्तर पेन्शनीत निघून बहिणीच्या घरी येऊन राहिलेले, वय अडुसष्ट. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधून कानाला अडकवलेला. पाटी मांडीवर ठेवून म्हणाले, "विद्येपुढं फुटत नाई असा आकडा जगात नाई. सोप्या विद्येनं नाई फुटला त कठीन विद्येनं फुटते." आणि गावात धमाल उडाली. नवसातल्या 'समद्या' म्हणजे 'आकड्यात बसतील तेवढ्या समद्या', असं मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मास्तर सकाळी म्हणायचे, "एक्केचाळीस बायांत पाहू," की एक्केचाळीस बाया कोणत्या यावर दुपारपर्यंत भांडण; संध्याकाळी कळायचं, चार वाती उरतात. तेविसाला तर एकच वात कमी पडली. मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. एका म्हातारीला 'हात थरथरतात' म्हणून यादीतून काढलं, तर तिनं भर चौकात सुईत दोरा ओवून दाखवला. एका सासूनं नवी सून माहेरी पाठवली नाही, 'आकड्यात लागली तर?' म्हणून.

इकडे मळ्यात गोजराबाई एकटी खुरपत होती आणि तोंडानं भागाकार करत होती. दुसरं सुचतच नव्हतं तिला. आकड्याच्या प्रेमात पडली होती बाई. तिची रीत अशी: दोनानं वाफा होत नाही म्हणजे चार, सहा, आठ यांपैकी कोणाचाच होणार नाही; सासूच उंबऱ्यावरून परत गेली तर सून आत कशाला येते? म्हणजे पाहायचे ते फक्त एकलकोंडे. सतरा पाहिला, नऊ उरली. एकोणीस पाहिला, सहा उरली. एक आकडा झाला की बांधावर एक खडा. मारोतराव खडे पाहून म्हणाला, "हे काय लावून राह्यली?" ती म्हणाली, "आकडे." तो म्हणाला, "पानी द्या लागन का त्याले?"

दिवाळी चार दिवसांवर आली आणि पाटलांच्या ओसरीवर मास्तर पाटी डोक्यावर धरून नाचले. अडुसष्टाव्या वर्षी. आकडा फुटला होता! एकशे तीन बाया, प्रत्येकीला नऊशे एकाहत्तर वाती. गूळ वाटला गेला. मग गावातल्या वाती वळू शकणाऱ्या सगळ्या बाया मोजल्या, वाड्यावस्तीसकट, ओढ्यापलीकडच्यासुद्धा. एकशे दोन भरल्या. एक कमी.

सगळे गोमतीबाईकडे पाहायला लागले. एकशे तिसरी कोण, हे काय सांगायला पाहिजे? मळ्यात बसली होती.

गोमतीबाई स्वतः गेली. हातात हळदीकुंकवाचं ताट, नाकावर रागाची शेवटची कोर. गोजराबाई कांद्याचं रोप लावत होती, कोपरापर्यंत चिखल.

"गोजरे, चाल. वाती वळायच्या हायेत."

"हात लावू नको म्हनली होती ना?"

"म्हनली होती. आता लाव म्हनते. पाय पडू काय तुह्या?"

"पड नं. चिखल हाये, लुगडं खराब होईन फक्त." दोघी हसल्या. महिन्याभराचं हसणं साचलेलं होतं, ते जरा जास्तच झालं. मग गोजराबाईनं विचारलं, "आकडा कसा काय फुटला?"

"एकशे तीन बाया, नऊशे एकाहत्तर वाती. तू लागली की बरोबर एकशे तीन. तेरा दिवसांत वळून होतीन, अन् पुनवेले माही आवडा माह्या मांडीवर. गोजरे, काल हसली वं ते माह्याकडे पाहून. मी हात दाबून बसली होती."

एकशे तीन गोजराबाईनं आठ दिवसांपूर्वीच पाहिला होता. त्र्याण्णव उरत होती. तिला काय करायचं होतं? ताटातलं कुंकू लावून घ्यायचं, ओसरीवर जाऊन मैत्रिणीच्या शेजारी बसायचं आणि नऊशे एकाहत्तर वाती वळायच्या. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. ती चिखलाच्या हातांकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली:

"शंभर खेपा नऊशे एकाहत्तर म्हंजे सत्त्याण्णव हजार शंभर. तीन खेपा नऊशे एकाहत्तर म्हंजे दोन हजार नऊशे तेरा. किती झाले?"

"मले काय इचारतं?"

"एक लाख तेरा. दहा जास्तीच्या हायेत, गोमते."

गोमतीबाई बांधावर बसली. ताट मांडीवर. म्हणाली, "एकडाव तरी खोटं बोलली असती वं."

"खोटं बोलली असती त पोरीच्या नवसात दहा वाती चोरून शिरल्या असत्या. मंग मी तुह्याजवळ कोन्या तोंडानं बसली असती?"

मास्तरांना बोलावणं गेलं. ते पाटी घेऊन मळ्यात आले, मागे निम्मं गाव. चष्मा सावरून पाहतात तो काय, सात त्रिक एकवीस म्हणून एक मांडायचा तिथं शून्य मांडलेला. वय आणि दोरा बांधलेला चष्मा. माणूस मोठ्या मनाचा, पाटी थुंकीनं पुसली आणि म्हणाले, "गोजराबाई, गूळ परत मागता येत नाई, पन आकडा परत घेतो. पुढं कोनता पाहू?"

"कोनताच नाई. म्या समदे पाह्यले. पासष्ट एकलकोंडे हायेत तीनशे सोळाच्या आत. मोजा खडे."

"अन् तीनशे सोळाच्या पुढचे? ते काहून सोडले?"

"मास्तर, तीनशे सोळा ओळी तीनशे सोळाच्या, म्हंजे किती रोपं?"

मास्तरांनी मांडलं. "नव्याण्णव हजार आठशे छपन्न."

"अन् तीनशे सतरा ओळी तीनशे सतराच्या?"

"एक लाख चारशे एकोणनव्वद."

"मंग झालं. वाफ्याच्या दोन्ही बाजू तीनशे सतराच्या घेतल्या त रोपं पुरत नाईत. म्हंजे एक बाजू मोठी असन त दुसरी तीनशे सोळाच्या आत असनच. आतल्या समद्या बाजू म्या पाहून ठेवल्या. वाफा उभा पाह्य का आडवा पाह्य, वाफा तोच."

मास्तर उभे होते ते खाली बसले. चिखलातच. आयुष्यभर मुलांना शिकवलं त्या माणसानं, आणि एका अंगठेबहाद्दर बाईपुढे हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "मी म्हनलो होतो फुटत नाई असा आकडा नाई. हा फुटत नाई. अन् काहून फुटत नाई हे मले आज कळलं." त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता. त्याबद्दल पुढे येतंच.

पण गोमतीबाईच्या चेहऱ्यावर पाणी होतं. "तुमी दोघं खूश होऊन राह्यले. म्हंजे मी मरेपर्यंत पोरीले लांबूनच पाहू?"

गोजराबाईच्या हातात अजून कांद्याची उरलेली रोपं होती. वाफा भरला की उरलेली रोपं ती बांधाच्या कडेनं एका सरळ रेघेत लावून टाकायची. तोंड बोलण्यात असलं तरी हातांचं ते काम सुरूच होतं. पाच-सहा लावून झाली आणि ती थांबली.

"गोमते, देवापुढं नेमकं काय बोलली?"

"समद्या बाया वळतीन. सारख्या वळतीन. कोनाच्या हातची एक जास्त नाई, एक कमी नाई."

"वाटून घेतीन असं बोलली?"

"...नाई."

"मंग वाटता कायले? एकलकोंड्याचा वाफा होत नाई. पन ओळ होते! समद्या जनी एका ओळीत बसू. पह्यलीनं कापूस तोडायचा, दुसरीनं पीळ द्यायचा, तिसरीनं द्यायचा, अशी वात हातोहात शेवटलीपाशी. एकूनएक वात एकूनएक बाईच्या हातची. तुह्या हातच्या किती? एक लाख तीन. माह्या हातच्या किती? एक लाख तीन. कोनाची जास्त?"

"नाई," मास्तर म्हणाले.

"कोनाची कमी?"

"नाई!" हे सगळ्या गावानं म्हटलं. जगदेव गुरव डोळे मिटून नवस पुन्हा मनात म्हणून पाहत होता. कुठं अडतो का? अडला नाही. त्यानं डोळे उघडून मान हलवली, आणि गोमतीबाईनं ताटातलं सगळं कुंकू गोजराबाईच्या कपाळाला थापलं. मारोतराव दचकला, त्याला वाटलं बायकोचं डोकं फुटलं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पाटलांच्या दारापासून महादेवाच्या पायरीपर्यंत बायांची ओळ बसली. सकाळी कापूस वेचायला, दुपारी ओळीत. पहिल्याच दिवशी पारावरच्या काही पुरुषांनी मिशा फुगवल्या, की घरोघरी वाती वळणं वेगळं, पण ओढ्यापलीकडच्या बाया ओळीत, मांडीला मांडी लावून? गोमतीबाई उठून पारापाशी गेली. "म्या देवापुढं समद्या म्हनलं. ज्याले त्यातून कोनाले काढायचं असन त्यानं आत जाऊन देवाले सांगावं. दार उघडं हाये." कोणी गेलं नाही. पलीकडची लखमा येऊन गोजराबाईच्या उजव्या हाताला बसली, आणि तिचा पीळ सगळ्यांत नेटका पडत होता हे नंतर मिशावाल्यांच्या बायकांनीच घरी जाऊन सांगितलं.

खरं भांडण झालं ते सासवासुनांच्या शेजाराचं. गोजराबाईनं एकेका सासूच्या आणि सुनेच्या मधात पंधरा-पंधरा बाया टाकल्या. मग शांतता.

एकशे तीन पीळ दिले तर वातीची सुतळी होईल, म्हणून पहिल्या दहा-बारा जणींनी पीळ द्यायचा, बाकीच्यांनी बोट फिरवून पुढे सरकवायची असं ठरलं. ओळीच्या शेवटी मास्तर. शंभर वाती झाल्या की एक चिंचोका मडक्यात. तेरा दिवसांत पुऱ्या करायच्या तर रोज सात हजार सहाशे ब्याण्णव, आणि तरी शेवटी सात उरणारच. "दिवसानंही वाटल्या जात नाई हा बेटा!" मास्तर कौतुकानं म्हणायचे.

वाती सरकायच्या तशा चहाड्याही सरकायच्या. पाटलांच्या दारात कोणी म्हणालं, मास्तरांची बहीण दिवाळीआधी दात दुखतो म्हणून मेडशीला वैद्याकडे जाऊन आली. पन्नासाव्या बाईपर्यंत ती मेडशीला सोयरीक पाहायला गेलेली होती. देवळाच्या पायरीशी पोहोचेपर्यंत मुलगी पसंत पडली होती, हुंड्यात दोन म्हशी होत्या, आणि रंगूबाई नावाची एक बाई वळून थेट मास्तरांनाच विचारत होती, "मास्तर, हळद कधी?" मास्तर तेव्हा ब्याऐंशीवर होते. आकडा चुकला आणि शंभर वाती पुन्हा मोजाव्या लागल्या. त्या गावात अजूनही दातदुखीला 'मेडशीची सोयरीक' म्हणतात. ह्या शब्दाचा जनक मी नाही, प्रसारक आहे.

पुनवेच्या दिवशी दुपार कलली तेव्हा मडक्यात हजार चिंचोके झाले होते. मास्तर उभे राहिले, हात वर केला. सगळी ओळ गप्प. मग शेवटच्या तीन वाती निघाल्या, एकशे तीन हातांतून, इतक्या हळू की जशी काही अंड्यांची टोपली चाललीय. पहिली आली. दुसरी आली. तिसरी ओळीच्या मधोमध एका बाईच्या हातात थांबली. तिला शिंक येत होती. ती आली, गेली, वात पुढे सरकली. मास्तरांनी तिसरी वात तळहातावर घेतली आणि म्हणाले, "एक लाख तीन. फुटला नाई, पन आला!"

दिवेलागणीला मातीच्या मोठ्या परातीत तुपानं भिजलेल्या वातींचा डोंगर पेटला. उजेड एवढा की ओढ्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या. सीताबाईनं पुढे येऊन आवडाला सासूच्या हातात दिलं. गोमतीबाईचे हात दोन-अडीच महिन्यांनी मांड्यांखालून सुटले होते. पोर कशी धरायची हेच क्षणभर तिला आठवेना. मग पोरीनंच तिच्या नथीचा आकडा घट्ट पकडला. गोमतीबाई रडत होती, हसत होती, "सोड वं, नाक तुटते माहं," म्हणत होती आणि सोडवत मात्र नव्हती. दुसऱ्याच मिनिटाला पोरीनं आजीचं नवं लुगडं ओलं केलं. उकंडराव म्हणाले, "आना, मी घेतो." "हात लावून पाहा," ती म्हणाली.

आणि मग, आनंद उतू गेला की माणसाचं होतं तसं तिचं झालं. पोरीला छातीशी धरून ती पिंडीकडे वळली, डोळे मिटले, आणि घंटेसारख्या आवाजात बोलली, "महादेवा, ह्या पोरीच्या लग्नात मी तुले..."

"बाई, आकडा नको!"

एकशे एक बाया एकदम ओरडल्या. गोजराबाई ओरडली नाही. तिला वेळच नव्हता. तिनं झेप घेऊन तुपाचा हात गोमतीबाईच्या तोंडावर दाबून धरला होता, आणि तिच्या तळव्याखाली पाटलीनबाई अजून काहीतरी मोजून बोलायचा प्रयत्न करतच होती.